खुली जागा कोणाच्या नावावर?

मंजूर रेखांकनाच्या, म्हणजे लेआउटच्या, नकाशावर ती हिरव्या रंगात असते. जागेवर जाऊन पाहिलं तर एका कोपऱ्यात सिमेंटचा ओटा, त्यावर पत्र्याची शेड, शेडच्या आडोशाला कुणाच्या तरी बांधकामातून उरलेली खडी, आणि तारेचं कुंपण असलंच तर ते कडेने न जाता मधूनच गेलेलं. सांगलीत विश्रामबागेकडून कुपवाडला जाताना किंवा मिरजेच्या बाजूला, पंचवीस-तीस वर्षं जुन्या वसाहतींत असा एखादा तुकडा हटकून दिसतो. कॉलनीतले लोक त्याला ‘ओपन स्पेस’ म्हणतात. तो कोणाचा, असं विचारलं की एक जण महापालिकेचा म्हणतो, दुसरा सोसायटीचा, तिसरा मूळ जमीनमालकाच्या नातवाचं नाव घेतो. तिघांपैकी कोण बरोबर, हे ठरायला मग खटला लागतो आणि तो वर्षानुवर्षं चालतो.

मोक्याच्या सार्वजनिक जागेचा वाद गाजला की बोलणं बिल्डर, नगरसेवक आणि न्यायालय या तिघांभोवती फिरत राहतं. चौथा कुणाच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे दप्तर. जागा न्यायालयात पोहोचण्याच्या कितीतरी आधी भूमी अभिलेखच्या टेबलावर आणि आवक-जावक रजिस्टरात गेलेली असते. निकालात त्यावर शिक्का बसतो, इतकंच.

कायदा लोकांच्या बाजूने कच्चा आहे, असं मुळीच नाही. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला द्यायचं ठरलं, ते सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली रद्द ठरवलं. रुग्णालय लोकोपयोगी असतं, हा बचाव चालला नाही. लखनौच्या झंडेवाला पार्कखाली भूमिगत बाजार बांधला जात होता. 1999 मध्ये न्यायालयाने तो पाडून पार्क पूर्ववत करायला लावलं. भोपाळमधली जमीन जाहिरात न देता एका ट्रस्टला दिली होती, ते वाटप 2011 मध्ये रद्द झालं. त्याच वर्षी जानेवारीत जगपाल सिंग प्रकरणात गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्यासाठी योजना आखा, असे आदेश सगळ्या राज्यांना गेले. चारही निकाल वकिलांना पाठ असतात. प्रत्येक सार्वजनिक जागेच्या याचिकेत ते ओळीने येतात. तरीही जागा जातात, कारण या निकालांत ती जागा सार्वजनिक आहे याबद्दल मुळात फारसा वाद नव्हता. आपल्याकडे भांडणाला सुरुवातच तिथून होते.

ओपन स्पेसचं गणित सोपं आहे. सध्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचं रेखांकन करताना 10 टक्के क्षेत्र मनोरंजनासाठी खुलं सोडावं लागतं. दोन हेक्टरच्या जमिनीत ते 2,000 चौरस मीटर होतं, म्हणजे जवळपास 20 गुंठे. जुन्या रेखांकनांत नियमांचे तपशील वेगळे असले तरी तत्त्व हेच. रेखांकन मंजूर झालं की काम संपलं, असं सगळेच समजतात. खरं तर ते तिथे सुरू होतं. मंजुरीनंतर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी होऊन कमी-जास्त पत्रक निघावं लागतं. मूळ सर्व्हे नंबर या पत्रकाने फुटतो, प्रत्येक प्लॉटचं स्वतंत्र क्षेत्र नोंदलं जातं आणि रस्ते, खुली जागा हेही वेगळे पडतात. जिथे सिटी सर्व्हे झाला आहे तिथे मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) उघडते, जिथे नाही तिथे 7/12.

नेमकं इथेच घोडं अडतं. विकसकाला प्लॉट विकायचे असतात, त्यामुळे प्लॉटांच्या नोंदी होतात. खुल्या जागेच्या आणि रस्त्यांच्या नोंदीत त्याला काहीच मिळायचं नसतं, आणि महापालिकेच्या नगररचना विभागाच्या दृष्टीने नकाशावर सही झाली तेव्हाच फाइल बंद झालेली असते. कमी-जास्त पत्रक अर्धवट राहतं किंवा मोजणी फीच भरली जात नाही. प्लॉटांचं क्षेत्र वजा होत होत मूळ 7/12 वर शेवटी उरतात ते खुली जागा आणि रस्ते मिळून ‘शिल्लक क्षेत्र’, मूळ मालकाच्या नावावर, जणू विकायचं राहून गेलेलं.

मालक वारतो. वारसनोंद होते. मुलं पुण्याला, नातू आणखी कुठे. कुणीतरी त्यांना सांगतं की तुमच्या नावावर अजून वीस-तीस गुंठे दिसतात. खरेदीखत होतं. दुय्यम निबंधक मालकीची खोलात चौकशी करत नाही, ते त्याच्या कामात येत नाही. मंजूर रेखांकन तर त्याच्यासमोर कुणी ठेवतच नाही. खरेदीनंतर फेरफार, म्हणजे अभिलेखात नाव बदलण्याची नोंद, पडतो, नमुना 9 ची नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात. नोटीस जाते ती अभिलेखात हितसंबंध दिसतो त्यांना. महापालिकेचं नाव अभिलेखात कुठेच नाही, म्हणून तिला नोटीस नाही. कॉलनीतल्या रहिवाशांचा तर प्रश्नच नाही. 16 व्या दिवशी मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो आणि त्याने काहीही बेकायदा केलेलं नसतं. जमीन महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे ही नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. आता सिद्ध करण्याचं ओझं कॉलनीवर.

फेरफाराने मालकी मिळत नाही, हे तत्त्व पक्कं आहे आणि वरच्या न्यायालयात ते टिकतंही. नव्वदच्या दशकाच्या मध्यात दिल्ली महापालिकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की रेखांकनातली खुली जागा मोबदला न देता स्वतःच्या नावावर करून मागण्याचा अधिकार महापालिकेला नाही. पण मालकाकडेही ती पूर्वीसारखी उरत नाही, तो ती लोकांच्या वतीने विश्वस्त म्हणून धारण करतो. म्हणजे नाव मूळ मालकाचं राहिलं तरी ती त्याला प्लॉट पाडून विकता येत नाही. हा निकाल कॉलनीवाल्यांच्या बाजूने सगळ्यात उपयोगाचा आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा आहे, असं माझं मत. बरेच दावे ‘जागा महापालिकेचीच’ असं म्हणून लढवले जातात आणि महापालिकेकडे कागद नसल्याने पडतात. ‘जागा कुणाच्याही नावावर असो, ती या रेखांकनातल्या रहिवाशांच्या वापराला बांधलेली आहे’ अशी मांडणी केली तर मंजूर नकाशा आणि मंजुरीच्या आदेशातल्या अटी, एवढे दोनच कागद लागतात.

मुदतीच्या कायद्यातली एक गोष्ट तर फार थोड्यांना माहीत असते. सरकारी जमिनीवर कुणी बसला तर सरकारला दाव्यासाठी 30 वर्षं मिळतात. मुदत कायदा 1963, अनुच्छेद 112. महापालिकेला वाटतं आपल्यालाही 30. तसं नाही. अनुच्छेद 111 मध्ये स्थानिक संस्थेला 30 वर्षं दिली आहेत ती फक्त सार्वजनिक रस्त्यासाठी. बाग, मैदान, शाळेचा भूखंड, बाजाराची जागा यांना सर्वसाधारण नियम लागतो, 12 वर्षं. त्या 12 वर्षांत दावा लावला नाही आणि समोरच्याने उघड, सलग, मालकाच्या विरोधातला ताबा सिद्ध केला तर कलम 27 प्रमाणे मालकाचा हक्कच संपतो. लोकांसाठी राखलेल्या जागेवर ताब्याने हक्क मिळवू देण्यात न्यायालयं हात आखडता घेतात हे खरं, पण त्या भरवशावर फाइल कपाटात ठेवणं म्हणजे पुराच्या वेळी कोयनेतून विसर्ग कमी होईल म्हणून सामान तळमजल्यावरच ठेवण्यासारखं आहे. भाडेकरूला मात्र हा मार्ग नाही. परवानगीने आलेल्याचा ताबा कितीही जुना झाला तरी तेवढ्यावर तो विरोधी ठरत नाही. म्हणून भाडेपट्ट्याचा मूळ कागद सांभाळणं महत्त्वाचं, आणि गहाळ होतो तो नेमका तोच.

पूरपट्ट्यातल्या शहरात अतिक्रमणाची सुरुवात भिंतीने होत नाही, भरावाने होते. रेखांकन करणारा सखल, पाणी साचणारा कोपरा खुल्या जागेसाठी सोडतो, कारण तिथला प्लॉट विकला जात नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी 45. अशा शहरात तो सखल कोपरा पाणी सामावून घेणारी जागा आहे. रात्री दोन डंपर राडारोडा पडला की कुणी बोलत नाही, उलट ‘बरं झालं, डबकं बुजलं’ म्हणतात. सहा महिन्यांनी मुरूम पसरतो. मग ओटा. ओट्यावर देव बसला की पुढचं सगळं अवघड. सार्वजनिक रस्ते, बागा आणि सार्वजनिक जागांवर नवी प्रार्थनास्थळं होऊ देऊ नयेत असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश सप्टेंबर 2009 पासून आहे, पण ओटा हे प्रार्थनास्थळ नसतं आणि वर्षभराने ते नवंही नसतं. डंपरच्या पहिल्या फेरीचा तारखेसह फोटो आणि पंचनामा यांची किंमत पुढच्या दहा सुनावण्यांपेक्षा जास्त आहे.

अतिक्रमण काढायचं ठरलं तरी फाइल कुठे फसते, तेही पाहू. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 81ब खाली महापालिकेच्या मिळकतीतून बेदखल करण्याची झटपट कारवाई आहे, त्यावर जिल्हा न्यायाधीशांकडे अपील. सरकारी जमिनीसाठी महसूल संहितेत कलम 50 आणि 53. पण झटपट मार्ग चालतो तो मालकी निर्विवाद असेल तेव्हाच. समोरच्याकडे जुना ताबा आणि मालकीचा खराखुरा वाद असेल तर संक्षिप्त कारवाईने त्याला उठवता येत नाही, दिवाणी दावा लावावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातल्या एका प्रकरणात 1982 सालीच सांगून ठेवलं आहे. म्हणजे फिरून पुन्हा तोच प्रश्न: मिळकत पत्रिकेवर नाव कुणाचं?

नोव्हेंबर 2024 च्या पाडकामाबाबतच्या निकालानंतर नोटिशीचं तंत्रही बदललं आहे. 15 दिवसांची पूर्वसूचना, नोंदणीकृत टपालाने पाठवणं आणि बांधकामावर चिकटवणंही, मागच्या तारखेच्या नोटिशीचा आरोप होऊ नये म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना ई-मेल, सुनावणी, कारणांसह आदेश, आणि आदेशानंतर पुन्हा 15 दिवस. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलसाठा अशा सार्वजनिक जागांवरच्या अनधिकृत बांधकामांना हे लागू नाही. बाग आणि मैदान यांचं नाव त्यात नाही, म्हणून तिथे हे पाळलेलंच बरं. हे न पाळता जेसीबी पाठवला तर संध्याकाळपर्यंत ‘जैसे थे’चा आदेश हातात पडतो आणि तो पुढे वर्षानुवर्षं सोबत करतो. त्याउलट साधं कॅव्हेट, म्हणजे आधीच दिलेला सावधगिरीचा अर्ज, दाखल असेल तर महापालिकेचं म्हणणं ऐकल्याशिवाय तूर्तातूर्त मनाई सहसा मिळत नाही. कॅव्हेट 90 दिवस चालतं, मग नव्याने करावं लागतं. 91 व्या दिवशी दावा दाखल होतो, हा योगायोग नसतो.

आता आरक्षणांकडे. इथे मला महापालिकेची बाजू घेता येत नाही.

विकास आराखड्यात एखाद्याच्या जमिनीवर मैदान किंवा बाग असं आरक्षण टाकलं की त्या माणसाला ती जमीन वापरता येत नाही, पैसेही मिळत नाहीत. नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 127 नुसार अंतिम आराखडा अंमलात आल्यापासून 10 वर्षांत संपादन झालं नाही तर मालक मालकीच्या कागदांसह खरेदीची नोटीस देऊ शकतो. पूर्वी नोटिशीनंतर 6 महिने होते, नंतर 12 झाले, 2015 च्या दुरुस्तीने 24. तेवढ्यात जमीन संपादित झाली नाही किंवा संपादनाच्या दिशेने पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं, आणि शेजारच्या जमिनीवर जे करता येतं ते तिथेही करता येतं. मैदानाच्या जागी अपार्टमेंट, पूर्ण कायदेशीर.

चोवीस महिने पुष्कळ वाटतात. ते असे जातात. नोटीस आवक विभागात येते आणि साधं पत्र समजून नगररचनाकडे जाते. तिथून विधी विभागाचा अभिप्राय मागवतात. विषय महासभेपुढे येतो, तहकूब होतो, पुन्हा येतो, ठराव होतो: ‘जागा संपादित करणेत यावी.’ ठरावाची प्रत जोडून जिल्हाधिकाऱ्यांना प्रस्ताव जातो. तिकडून त्रुटीपत्र येतं: निधीची तरतूद दाखवा, मोजणी फी भरा. संयुक्त मोजणीची तारीख लागते, मालक हजर राहत नाही. दोन वर्षं संपतात, आणि महापालिका न्यायालयात सांगते की आम्ही ठराव केला, प्रस्ताव पाठवला, ही पावलंच आहेत. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात 2007 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की नुसता प्रस्ताव पाठवणं हे पाऊल नाही. संपादनाच्या अधिसूचनेपर्यंत नेणारी कृती हवी. तरीही उत्तरांत तोच बचाव पुन्हा पुन्हा येतो. फेब्रुवारी 2025 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, तीन दशकांहून जास्त काळ आरक्षणात अडकवलेली जमीन सर्वोच्च न्यायालयाने मोकळी केली. मालकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं तर यात चूक काढता येत नाही.

खर्च किती, हेही सांगायला हवं. समजा 4,000 चौरस मीटरचं मैदान आहे आणि बाजारभाव चौरस मीटरला 15,000 रुपये धरला. जमिनीची किंमत 6 कोटी. 2013 च्या भूसंपादन कायद्याने नागरी भागात गुणक 1 आणि त्यावर 100 टक्के दिलासा रक्कम, म्हणजे 12 कोटी, शिवाय वार्षिक 12 टक्क्यांची वाढ वेगळी. मध्यम आकाराच्या महापालिकेला एका मैदानाला इतके पैसे झेपत नाहीत. टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, हा दुसरा मार्ग आहे, दाटीच्या भागाबाहेर दिलेल्या क्षेत्राच्या दुप्पट, दाटीच्या भागात तिप्पट. पुण्यात त्याला गिऱ्हाईक आहे. आपल्याकडे उंच इमारतींची मागणीच मर्यादित, त्यामुळे टीडीआरचं प्रमाणपत्र घेऊन मालक करणार काय? समावेशक आरक्षण, म्हणजे मालकाने काही भाग विकसित करून उरलेला महापालिकेला द्यायचा, हा आपल्या आकाराच्या शहरांना त्यातल्या त्यात परवडणारा मार्ग आहे. तो वापरण्यासाठी मात्र मालकाशी नोटीस येण्याच्या आधी बोलावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं असं, आणि ते अनेकांना आवडणार नाही: आरक्षणं कमी टाका. आराखडा साधारण वीस वर्षांनी सुधारला जातो. वीस वर्षांत घेऊ शकू तेवढ्याच जागा राखा आणि त्या घ्याच. शंभर आरक्षणं टाकून नव्वद व्यपगत होऊ देण्यात शहराला काही मिळत नाही. ‘आरक्षण उठवून देतो’ म्हणणाऱ्यांची एक जमात तेवढी पोसली जाते. सांगलीत हे जास्त टोचतं, कारण इथली मोठी वस्ती गुंठेवारीची. गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या शेतांत 10 टक्के खुली जागा सोडायला रेखांकनच नव्हतं. 2001 च्या कायद्याने आणि पुढे मुदत 2020 अखेरपर्यंत वाढवणाऱ्या दुरुस्तीने घरं नियमित होण्याचा रस्ता उघडला. मुलांना खेळायला जागा त्यातून निघाली नाही. अशा भागात आराखड्यातलं एखादं आरक्षण हीच एकमेव मोकळी जागा असते. ते आधी घ्यायचं की कुठल्या रिंग रोडच्या कडेचं, हा प्राधान्यक्रम अंदाजपत्रकात वेगळ्या लेखाशीर्षाखाली दिसला पाहिजे.

भाडेपट्ट्यांबद्दल थोडक्यात. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 79 प्रमाणे महापालिकेची मिळकत चालू बाजारमूल्यापेक्षा कमी मोबदल्यात देता येत नाही. तीस वर्षांपूर्वीच्या नाममात्र भाड्यावरून एकदम त्या मूल्यावर उडी मारली की गाळेधारक न्यायालयात जाणारच, आणि त्यांचंही अगदीच चुकत नाही. ठरावीक वर्षांनी थोडी थोडी वाढ करण्याचं काम कुणी केलं नाही, त्याचा हा एकरकमी हिशेब असतो. मैदानं प्रदर्शनांना देण्याचंही तसंच. नगररचना अधिनियमाच्या कलम 37अ मध्ये तात्पुरत्या वेगळ्या वापराला मर्यादित दिवसांची मुभा आहे, पण खड्डे बुजवून मैदान परत घेतल्याचा पंचनामा कुणी करत नाही.

झोपडपट्टीचा प्रश्न या सगळ्यात मी जाणूनबुजून मिसळलेला नाही. सार्वजनिक जागेवर राहायला आलेला माणूस आणि सार्वजनिक जागा विकायला काढलेला माणूस, यांना एकाच नोटिशीच्या नमुन्यात बसवणं चूक आहे.

रहिवाशांना करता येण्यासारखं काम कंटाळवाणं आहे, पण उपयोगाचं आहे. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे, सांगली आणि सातारा त्याच्या कक्षेत आहेत. मुंबईच्या फेऱ्या वाचल्या म्हणून लगेच याचिकेकडे धावण्याचा मोह होईल. त्याआधी माहिती अधिकाराचा अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत असावा लागतो, फी 10 रुपये, प्रतींना पानामागे 2 रुपये. महापालिकेकडे मागायचं ते मंजूर रेखांकनाची साक्षांकित प्रत आणि मंजुरीचा अटींसह आदेश. कमी-जास्त पत्रक तिथे मागून उपयोग नाही, ते उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे मिळतं, आणि त्यासाठी वेगळा अर्ज लागतो. ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर चिडून फाडू नका. 30 दिवसांत पहिलं अपील करा आणि ते पत्र जपून ठेवा. पत्रक सापडलं आणि त्यात खुली जागा वेगळी दाखवलेली असेल तर त्याच आठवड्यात हद्द कायम मोजणीसाठी महापालिकेला लेखी सांगा, आणि ‘इतर हक्क’ रकान्यात ‘मंजूर रेखांकनातील खुली जागा, हस्तांतरण व विभाजनास बंदी’ अशी नोंद घेण्याचा अर्ज द्या. पत्रकच निघालेलं नसेल तर मूळ सर्व्हे नंबरचा ताजा 7/12 काढून शिल्लक क्षेत्र किती आणि कुणाच्या नावावर दिसतं, ते आधी पाहा. फेरफार प्रलंबित असेल तर हरकतीचे 15 दिवस कदाचित अजून चालू असतील.